हेडलाइटची चादर

अंधार हा आपला वैयक्तिक अपमान आहे असं समजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा आहे. इतरांच्या घरी संध्याकाळी दिवे लागतात. आमच्या जिजाजींकडे ते दुपारी चारपासून तपासले जातात. जिन्यात दोन, अंगणात तीन, तुळशीपाशी एक, आणि बाथरूममध्ये तर असा की आत गेलेला पाहुणा डोळे चोळतच बाहेर येतो. घरातले टॉर्च मी एकदा मोजले होते. चौदा भरले, आणि पंधरावा जिजाजींच्या खिशात होता. आमचे वडील रेल्वेतले, म्हणजे आम्ही उज्जैनला बदलीने आलेली माणसं. जिजाजींचं घराणं मात्र शिंद्यांच्या वेळेपासून इथलं. त्यांचे पूर्वज दरबारात मशालींची व्यवस्था बघायचे, हे ते दूधवाल्यालाही सांगतात. "रोशनी आपल्या खानदानातच आहे," असं त्यांनी म्हटलं की ताई गिलकीची भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणते, "मशाली दुसरेच धरायचे. तुमचे मागून हजेरी घ्यायचे."

हा माणूस एका जागी बसत नाही. जेवताना एक पोळी झाली की उठून फाटक बघून येणार, वरण वाढलं की गॅस बघणार, ताक येईपर्यंत गाडीला एक फेरी मारून येणार. ताटावरून नऊ वेळा उठताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे, आणि त्या दिवशी सण होता म्हणून ते सबुरीनं घेत होते. खिशात गाडीच्या किल्ल्या सतत वाजत असतात, त्यामुळे ते कुठल्या खोलीत आहेत हे विचारावं लागत नाही. मला याद्या करायची सवय आहे. किराणा, औषधं, कुणाचा विमा कधी संपतो, सगळं माझ्या डायरीत असतं, म्हणून त्यांनी माझं नाव यादीबाई ठेवलं. "काय यादीबाई, आज कोणाला लिहून राहिल्या?" असं दारातूनच विचारत येतात आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेर गेलेले असतात.

एका माणसाला उजेडाचं इतकं वेड का, याचं खरं उत्तर मला बऱ्याच उशिरा कळलं. जिजाजी विम्याच्या कचेरीत होते. तीस वर्षं त्यांच्या टेबलावर गाड्यांच्या अपघातांचे दावे यायचे, आणि प्रत्येक दाव्यात ड्रायव्हरचा जबाब असायचा. "समोरचं दिसलं नाही." बैलगाडी दिसली नाही, खड्डा दिसला नाही, बंद पडलेला ट्रॅक्टर दिसला नाही. तीस वर्षं रोज हे एकच वाक्य वाचणाऱ्या माणसाचं काय होईल? निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते देवास गेटच्या बाजारात गेले आणि गाडीसाठी जास्त उजेडाचे बल्ब घेऊन आले.

नुसतं वेड म्हणावं तर त्याला निमित्तही होतं. ताई नर्स आहे, आगर रोडवरच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात. आठवड्यातून चार दिवस तिची ड्यूटी रात्री आठपर्यंत असते, आणि उज्जैनकडे येणारी शेवटची बस सातला निघून जाते. म्हणून ते चार दिवस जिजाजी संध्याकाळी सातला घरून निघून तिला आणायला जातात. पंचवीस किलोमीटर जायचं, पंचवीस यायचं. या रस्त्यावर गुरं बसतात, लसणाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, आणि मोटारसायकलवरची माणसं काळीच शाल का पांघरतात हे कुणाला सांगता येत नाही.

पहिल्या बल्बांनी प्लास्टिकचे होल्डर वितळवले. ताई सांगते, गाडीत वास सुटला तेव्हा जिजाजी म्हणाले, "कोणाकडे तरी पोळी करपून राहिली." आजूबाजूला दोन किलोमीटरपर्यंत हरभऱ्याची शेतं होती. मग वायरिंग बदललं, रिले बसवला, आणि तेही कमी पडलं तेव्हा एलईडीचे बल्ब आले. त्या प्रत्येक बल्बाच्या पाठीला तो गरम होऊ नये म्हणून एक छोटा पंखा असतो. गाडीचा एसी दोन उन्हाळे बंद होता. "बल्बाला पंखा, आणि मला काच खाली करा म्हणतात," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. देवास गेटचा मिस्त्री हुशार माणूस. त्यानं बल्ब बसवले, एकदा लावून पाहिले, आपलेच डोळे मिटले आणि म्हणाला, "भिया, इसके बाद तो सूरज ही बचा है. वो मेरे पास नहीं आता." जिजाजींनी हे कौतुक समजून घरी येऊन सांगितलं.

जिजाजींनी बल्ब बसवून सोडून दिले असते तर ते जिजाजी कसले? हेडलाइट किती वर-खाली असावा याचा एक हिशोब असतो. गाडी भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर ठरलेल्या उंचीवर रेघ मारायची, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे रस्ता आपल्याला दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर काही जात नाही. गल्लीत त्यांच्या फाटकासमोर पंचवीस फुटांवर दुबे भाभींची भिंत आहे, आणि ती नुकती रंगवलेली होती. रेघ मारायची म्हटल्यावर भाभी पदर खोचून बाहेर आल्या. दुसऱ्या कुणी खडू घेतला असता, किंवा दोरी बांधली असती. आमचे जिजाजी भैरवगडला गेले.

भैरवगडचे छपाईचे लाकडी ठसे, ते लाल-काळे रंग आणि ओळीत वाळणाऱ्या चादरी आम्हा उज्जैनकरांच्या घराघरांत आहेत. लग्नात द्यायला, पाहुण्यांबरोबर पाठवायला, दिवाणावर घालायला. हेडलाइटसाठी मात्र तिथे त्याआधी कुणी गेलं नसावं. कापड त्यांना जाड हवं होतं, वाऱ्यानं हलू नये म्हणून, आणि रुंदी मोठी हवी होती. मापात गडबड नको म्हणून त्यांनी मला टेप आणि डायरी घेऊन बरोबर नेलं. छापणारे चाचा सत्तरीचे. जिजाजींनी त्यांना कागदावरचं चित्र दाखवलं: हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर दोन लाल फुल्या, आणि त्यांच्या खाली काही इंचांवर, जमिनीपासून बरोबर बावीस इंचांवर, बारीक बुट्ट्यांची, म्हणजे छोट्या छापील फुलांची, एक आडवी ओळ. चाचांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"ये किसकी शादी के लिए है?"

"शादी नहीं, गाड़ी के लिए है."

"गाड़ी को ओढ़ाओगे?"

"गाड़ी देखेगी इसको," जिजाजी म्हणाले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी डायरीत पाहिलं.

पण त्यांनी छापून दिली, आणि अशी सरळ की मी टेप लावून बघितलं तर कुठे धाग्याचा फरक नव्हता. दुबे भाभींच्या भिंतीला वर दोन हुक लावायची परवानगी मिळाली, आणि दर रविवारी संध्याकाळी चादर टांगून, गाडी फाटकात उभी करून, पान्ह्यानं स्क्रू फिरवत जिजाजी हेडलाइट बसवू लागले. गल्लीतली माणसं खुर्च्या घेऊन बघायला बसत. उजेडाची कड बुट्ट्यांच्या ओळीवर आली की जिजाजी दोन पावलं मागे सरून दोन मिनिटं अगदी स्थिर उभे राहत. आठवड्यातली तेवढीच दोन मिनिटं.

मग दिवाळी आली. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी चादर टांगली आणि मला हाक मारली. "बघ, यादीबाई. हेडलाइट किती खाली उतरले. चार बोटं. आगर रोडचे खड्डे कोणाला सोडत नाहीत." उजेडाची कड खरोखरच बुट्ट्यांच्या ओळीच्या बरीच खाली पडली होती. त्यांनी रस्ता बांधणाऱ्यांचा उद्धार करत स्क्रू फिरवले आणि उजेड वर आणून ओळीवर बसवला. दोन मिनिटं उभे राहिले. मी डायरीत 'हेडलाइट ठीक' असं लिहिलं. ते माझ्या हस्ताक्षरात अजून आहे.

त्यानंतर जिजाजींचे ते सोन्याचे दिवस सुरू झाले. समोरून येणारे ट्रकवाले त्यांना डिपर देऊ लागले, म्हणजे हेडलाइट उघडमीट करू लागले. एकदा नाही, तीनतीनदा, चारचारदा. जिजाजी प्रत्येकाला तितक्याच वेळा परत द्यायचे आणि ताईला म्हणायचे, "ओळखतात आता. रोजचा माणूस म्हणून सलाम करतात." काही जण हॉर्नही वाजवायचे, काही काचेतून हात बाहेर काढायचे. "किती मोहब्बतीचे लोक आहेत," असं त्यांनी मला जेवताना सांगितलं, आणि त्या आनंदात ते सलग दोन पोळ्या बसून जेवले.

ताईलाही त्या उजेडाचा एक फायदा झाला, आणि तो तिनं मला एकटीला सांगितला. दवाखान्याच्या अलीकडे रस्ता एका चढावर येतो. दवाखान्यामागे गावाची पाण्याची उंच टाकी आहे. दिवाळीपासून काय झालं होतं, जिजाजींची गाडी चढावर आली की तो उजेड थेट टाकीवर जायचा आणि टाकी पांढरीशुभ्र व्हायची. खिडकीतून ती दिसली की ताई रजिस्टर मिटायची, एप्रन काढायची, डबा पिशवीत टाकायची. गाडी फाटकात येईपर्यंत ती पायरीवर. "मला वाट बघावी लागत नाही गं," ती म्हणाली. "टाकी उजळली की माणूस आला."

जानेवारीत माझ्या यादीत वेगळंच काम आलं. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. नोंदणी पुन्हा करायची, त्यासाठी आरटीओत गाडी तपासून घ्यायची. मी विमा, प्रदूषणाचा कागद, फॉर्म, सगळं फाइलमध्ये लावलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, 'हेडलाइट मूळचे बसवणे.' जिजाजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काट."

"जिजाजी, गाडी नापास होईल."

"माझे हेडलाइट नापास? अरे, एकेक बुट्टी मोजलेली आहे."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते. ती शांतपणे म्हणाली, "गाडी पास नाही झाली तर मी तिथंच क्वार्टरमध्ये राहीन. खोली रिकामीच आहे. दहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. रविवारी येत जाईन." तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. तिला पाठदुखी आहे, भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीनं रोज यायला जमणार नव्हतं, आणि तिनं बसून विचार करूनच हे ठरवलेलं दिसत होतं. जिजाजींच्या खिशातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. इतक्या दिव्यांच्या घरात ते एकटे कुठल्या खोलीत बसणार, असा विचार माझ्या मनात आला. मी तो डायरीत लिहिला नाही, पण यादीतली ती ओळ काटलीही नाही.

तरी ते तेच हेडलाइट घेऊन गेले. मी फाइल घेऊन बरोबर होते. आरटीओच्या शेडमध्ये एका पांढऱ्या भिंतीवर काळी रेघ होती, आणि ती बघून जिजाजींना समाधान वाटलं. "आपलीच पद्धत," मला हळूच म्हणाले. इन्स्पेक्टर तरुण होता. त्यानं हेडलाइट लावायला सांगितले. उजेड रेघ ओलांडून वर गेला, भिंत ओलांडून गेला आणि मागच्या कडुलिंबाच्या झाडावर पडला. झाडावरच्या साळुंक्या सकाळी अकरा वाजता उडाल्या.

"अंकल," इन्स्पेक्टर म्हणाला, "ये बत्ती सड़क के लिए लगवाई है या चिड़ियों के लिए?"

"आपकी दीवार टेढ़ी है," जिजाजी म्हणाले. "मेरे पास चादर है."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे पाहिलं, जसं चाचांनी पाहिलं होतं. मग त्यानं लिहून दिलं: बल्ब बदला, उजेड खाली आणा, पंधरा दिवसांत गाडी परत दाखवा, नाहीतर नोंदणी नाही.

त्याच दुपारी मी टेप काढला. चादर टांगली, जमिनीपासून बुट्ट्यांची ओळ मोजली. साडेपंचवीस इंच. पुन्हा मोजली, तेवढीच. जिजाजींच्याच कागदावर बावीस लिहिलेलं होतं. हुक जागेवर होते, भिंत जागेवर होती. ओळच साडेतीन इंच वर चढली होती. त्या दिवशी ताईला सुट्टी होती. ती ओले हात पुसत बाहेर आली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? दिवाळीत धुतली होती मी ती. कोरं कापड, मिठाच्या गरम पाण्यात नाही टाकलं तर रंग जातो ना."

 चादर आटली होती. वरून टांगलेली चादर आटली की खालची ओळ वर जाते, आणि जिजाजींनी प्रत्येक रविवारी त्या वर गेलेल्या ओळीवर निष्ठेनं उजेड नेऊन बसवला होता. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की ते चादर आणायला गेले तेव्हा चाचा काही म्हणाले होते. "म्हणाले होते, धोना मत, सिकुड़ेगा," जिजाजी म्हणाले. "मी म्हटलं, चादर धुवायची कशाला, ती काही कोणी पांघरणार नाही. हिला सांगायचं राहिलं."

मग बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. या खेपेला दोन मिनिटांहून पुष्कळ जास्त.

"म्हणजे ते ट्रकवाले," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"सलाम नव्हते ते."

"नव्हते."

मी हसणार होते. पण ते दुबे भाभींच्या ओट्यावर बसले होते, आणि आपणहून बसलेले जिजाजी मी आधी पाहिले नव्हते. "तू ते जबाब वाचले नाहीस," ते मला म्हणाले. "दोन तऱ्हेचे असायचे. एक, दिसलं नाही. आणि दुसरा, समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले. ते दुसरे मी शेकडो वाचले असतील. आणि वाचताना प्रत्येक वेळी म्हणायचो, कोण नालायक असेल तो समोरचा." ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "कोणाला काही झालं नाही," ती म्हणाली. "त्या रस्त्यावर काही झालं असतं तर आधी माझ्याच दवाखान्यात आलं असतं. दिवाळीपासून एकही नाही. माझ्या रजिस्टरमध्ये बघा." तिनं दुसऱ्या दिवशी खरंच रजिस्टरची पानं उलटून फोनवर वाचून दाखवलं. तरीही त्या रात्री जिजाजी ताटावरून एकदाही उठले नाहीत, आणि ते आम्हा दोघींना मुळीच आवडलं नाही.

एलईडी त्यांनी स्वतःच्या हातानं काढले. मूळचे पिवळे बल्ब त्यांनी पेढ्यांच्या डब्यात कापसात ठेवले होते, डब्यावर तारीख आणि 'चालू' असं लिहून. टाकून कसे दिले नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दिवा चालू असेल तर टाकवत नाही." मिस्त्रीनं या खेपेला खडूनं रेघ मारली. आठव्या दिवशी तीच भिंत, तोच इन्स्पेक्टर. उजेड रेघेच्या खाली शहाण्यासारखा पडला, साळुंक्या जागच्या हलल्या नाहीत, आणि पाच वर्षांची नोंदणी झाली. मी यादीतली शेवटची ओळ काटली.

त्या संध्याकाळी ताईला आणायला मीही गेले. पिवळ्या उजेडात तो रस्ता भलताच छोटा वाटला. जिजाजी चाळीसच्या वर जाईनात. ट्रक आले आणि गेले. डिपर नाही, हॉर्न नाही, कुणी हात काढला नाही. एकदा लांबून एक मंद दिवा येताना दिसला तसा त्यांनी आपला उजेड आणखी खाली घेतला. मोटारसायकल होती, नवरा, बायको, मधे मूल, सगळ्यांवर मिळून एक काळी शाल. ती आमच्या बाजूनं निघून गेली. जिजाजी आरशात बघत राहिले, तिचा मागचा लाल ठिपका दिसेनासा होईपर्यंत.

"नीट गेला," ते म्हणाले.

दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. जिजाजींनी हॉर्न वाजवला. ताई घाईघाईनं बाहेर आली, एप्रन अंगावर, एका हातात पेन. "कधी आलात? टाकी उजळलीच नाही," ती म्हणाली. "मी आपली लिहीत बसले." मग तिनं हेडलाइटकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "पास झाली?"

"झाली," जिजाजी म्हणाले. "पण आता तुला वाट बघावी लागणार."

"बघीन की," ती म्हणाली आणि पिशवी आणायला आत गेली.

आता ती आठ वाजले की फाटकाशी येऊन उभी राहते, घरातल्या चौदा टॉर्चपैकी एक हातात घेऊन. चढावर पिवळा उजेड दिसला की ती टॉर्च दोनदा उघडमीट करते, आणि जिजाजी दोनदा डिपर देतात. आगर रोडवर त्यांना आता तेवढाच एक सलाम मिळतो. चादर दिवाणावर घातली आहे. मधे बुट्ट्यांची एकच ओळ आणि वर दोन लाल फुल्या हे कुठलं डिझाइन, असं पाहुणे विचारतात, आणि जिजाजी सांगायला लागले की ताई चहा टाकायला उठते, कारण ते लवकर संपत नाही. तिच्या दहा महिन्यांतले आता तीन उरलेत. परवा जिजाजी माझ्या डायरीत डोकावून म्हणाले, "यादीबाई, हिची नोकरी संपली की माझ्या नावापुढे संध्याकाळी सातचं काहीतरी लिहून ठेव." किल्ल्या वाजवत ते बाहेर गेले. मी त्यांच्या नावाचं पान उघडलं, सात वाजता असं लिहिलं, आणि पुढे काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.